साळव्यांनी बोट बुडवली नाही

आमच्या धरण वसाहतीतल्या जुन्या कर्मचाऱ्यांनी यंदा स्नेहमेळावा भरवला आणि त्यानिमित्त एक स्मरणिका काढली. तिच्यात एका निवृत्त अधिकाऱ्यांचा ‘काही गमतीजमती’ या मथळ्याचा लेख आहे. त्यातल्या एका परिच्छेदात सरकारी लाँच चालवणाऱ्या तांडेलाची गोष्ट येते. हा तांडेल म्हणे कायम तर्र असे. एकदा लाँचच्या तळाच्या बुचाचे भोक उघडे टाकून तो शहरात निघून गेला आणि लाँच किनाऱ्यालाच बुडाली. मग लेखक साहेबांनी स्वतः उभे राहून, मजूर लावून, ती बाहेर काढवली. मेळाव्यात हा परिच्छेद कोणीतरी माइकवरून वाचून दाखवला आणि मंडळी हसली. माझ्या शेजारी बसलेले, ज्यांनी ती लाँच डोळ्यांनी पाहिली होती, तेही हसले.

लेखकांनी तांडेलाचे नाव दिलेले नाही. ते सौजन्य आहे असे मी मानत नाही. नाव त्यांच्या लक्षात राहिले नसावे. नाव मी देतो. दामोदर तानाजी साळवे. एकलहऱ्याच्या बाजूच्या एका गावचे. ते दारू पीत नव्हते. चहासुद्धा दिवसातून दोनदाच, आणि तोही हात धुऊन. बोट त्यांनी बुडवली नाही. ती बुडालीच नव्हती. त्या वेळी त्या धरणावर मी शाखा अभियंता होतो, लाँच माझ्या शाखेच्या ताब्यात होती, आणि त्या दिवशी किनाऱ्यावर मी हजर होतो. तेव्हा मला कोणी शिकवू नये.

शहराच्या पश्चिमेकडच्या त्या धरणात आमची लाँच सत्तरच्या दशकात आली. कोकणात एका खाडीकाठी बांधलेली, सागवानी, डिझेल इंजिनाची. ट्रकवर चढवून, दोरांनी आवळून, कसारा घाटातून वर आणलेली. तिचे काम म्हणजे पाणी सोडण्याच्या मनोऱ्यापर्यंत माणसे नेणे, गाळाची मोजणी करणे आणि पलीकडच्या काठावर फेरी मारणे. तिच्याबरोबरच साळवे आले. त्याच खाडीवरच्या बोटींच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. आधी हमाल, मग सुताराच्या हाताखाली, मग इंजिनावर. आमच्या कोरड्या जिल्ह्यात लाकडी बोट म्हणजे काय हे कळणारा तेवढा एकच माणूस होता, आणि खात्याने त्याला वर्ग चारमध्ये घेतले होते. हुद्दा ‘मदतनीस’. तांडेल हे पद आमच्या आस्थापनेत नव्हतेच.

अंगाने वाळलेले, उंच, मान किंचित डावीकडे कललेली. खाकी शर्टाच्या खिशात चिंधी, चाव्या आणि पेन्सिलीचा तुकडा. बोलणे कमी. माणसाशी बोलताना नजर त्याच्या हातांकडे असे. तो हातांनी कुठे काय धरतो आहे, कशावर टेकतो आहे, याच्याकडे. लाँचमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत, मग तो मजूर असो की आमदार: “चप्पल हातात घ्या, पाय मधी ठेवा.”

शेडच्या दाराला त्यांनी एक पत्रा ठोकला होता. काळा रंग, त्यावर पांढऱ्या रंगात, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात, लाँचच्या देखभालीचे सगळे वेळापत्रक. रोज: तळातले पाणी उपसणे, इंजिनाच्या ऑईलची काडी बघणे, इंजिन चालू केल्यावर गार करणारे पाणी बाहेर पडते की नाही ते बघणे. आठवड्याला: ग्रीस, बॅटरी, दोर. महिन्याला: डिझेलच्या टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी काढणे, पट्टा ताणून बघणे. सहा महिन्यांनी ऑईल आणि फिल्टर. वर्षातून एकदा, पाणी उतरल्यावर: बोट वर घेणे. या प्रत्येक कामाला ते ‘वार’ म्हणत. आज ग्रीसचा वार. उद्या टाकीचा वार. लोक जसे शनिवार धरतात, गुरुवार धरतात, तसे साळवे हे वार धरत, आणि त्यात मोडता चालत नसे. पत्र्यावर सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘बिघडल्यावर बघू असे म्हणणाऱ्याने बोटीत बसू नये.’

ही ओळ पुसायला लावण्याचा पहिला हुकूम, स्मरणिकेतला तो लेख लिहिणारे साहेब माझे वरिष्ठ म्हणून बदलून आले त्याच आठवड्यात निघाला. साळव्यांनी ती पुसली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ शेडच्या आतल्या बाजूला दिसली. तिथे साहेब जात नसत.

साहेब हुशार होते, हे मी नाकारत नाही. मातीकामात त्यांचा हात धरणारा नव्हता. पण ज्या गोष्टीतले आपल्याला कळत नाही तिच्यापुढे क्षणभर गप्प उभे राहण्याची सवय त्यांना नव्हती. पहिल्याच फेरीत त्यांनी खाली वाकून पाहिले. इंजिनापासून निघालेला पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो, तिथे पाण्याचा थेंब टपकत होता.

“साळवे, हे काय? बोट गळतेय तुमची.”

“गळू द्यायची, साहेब. मिनिटाला दोन थेंब. दांडा गार राहतो त्याच्यावर.”

“मला शिकवू नका. आवळा ते.”

“आवळत नसत्यात, साहेब.”

साळव्यांनी आवळले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची आई आजारी पडली म्हणून ते चार दिवस रजेवर गेले, तेवढ्यात साहेबांनी वर्कशॉपचा फिटर बोलावून दांड्याभोवतीचा नट पुरता आवळून घेतला. बोट अगदी कोरडी झाली. साहेबांनी मला मुद्दाम बोलावून तळावर हात फिरवून कोरडेपणा दाखवला. तिसऱ्या फेरीला, मनोऱ्याच्या अलीकडे, खालून धूर आला आणि जळक्या दोराचा वास. आम्ही वल्ह्याने काठाला आलो. साहेबांनी वल्हे धरले नाही.

साळवे रजेवरून आले. त्यांनी दांड्यावर तळहात ठेवला, दांड्याभोवती ठासलेला जळालेला दोर काढून नवा भरला, नट पाव फेरा सैल ठेवला आणि घड्याळ नसल्यामुळे माझे मनगट धरून त्यावरच्या काट्याकडे बघत थेंब मोजले. “एक. … दोन.” मग साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, “भाऊसाहेब, कोरडी बोट बघायची असंल तर ती दुकानात.”

साहेब ते ऐकून हसले होते. तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा असे. साहेबांनी लाँचच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायला हात उचलला आणि साळवे मध्ये आले. “साहेब, नारळ दगडावर फोडा. पाणी तिच्यावर शिंपडा. लाकडाला तडा जातो.” झाले. दुसऱ्या दिवसापासून वसाहतीत चर्चा: साळवे बौद्ध, त्यांनी पूजा अडवली. मी तिथे होतो. साळव्यांनी स्वतः पाटीभर झेंडू आणला होता, दगड धुऊन ठेवला होता, आणि नारळाचा प्रसाद सगळ्यांत आधी त्यांनी खाल्ला. त्यांना नारळाचे वावडे नव्हते. सागाच्या फळीची काळजी होती. साहेब मात्र साळव्यांच्या स्टोव्हवरचा चहा कधी घेत नसत. दर वेळी कारण ॲसिडिटीचे सांगत. शेजारच्या गेस्ट हाऊसवर त्यांना ॲसिडिटी नसे.

आता त्या मे महिन्याकडे येतो.

लाकडी बोटीचे एक वागणे आहे. ते समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही, आणि समजून न घेतल्यामुळेच पुढचे घडले. लाकूड पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. वर्षातून एकदा बोट काठावर घेतात, शेवाळ खरवडतात, फटींत कापसाची वात ठोकतात, डांबर आणि रंग देतात. आमच्याकडच्या मेमधल्या उन्हात पंधरा-वीस दिवस बोट बाहेर राहिली, की फळ्या आकसून फटींतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. अशी बोट तशीच पाण्यात लोटून तिच्यात माणसे बसवली, तर ती मध्यावर गेल्यावर भरणार. म्हणून आधी तिला मुरवायची. काठाशी, कमरेइतक्या पाण्यात न्यायची, तळाचे पितळी बूच काढायचे आणि पाणी आत घ्यायचे. बोट काठोकाठ भरून गाळावर बसते. दोन-तीन दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडतात. मग पाणी उपसायचे, बूच लावायचे. थेंब आत येत नाही. कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला हे सांगावे लागत नाही. आमच्या खात्यात ते एकाला माहीत होते, आणि त्याच्याकडून ऐकून मला.

साळव्यांनी त्या वर्षी सगळे वार पाळले. वीस दिवस त्यांनी बोटीखाली पाठीवर पडून काम केले. मग, इंजिन उतरवून शेडमध्येच ठेवलेले असताना, मजुरांच्या मदतीने लाँच उथळ पाण्यात नेली, बूच काढले, आणि ती भरू लागली तसे काठावर बसून तिच्याकडे बघत राहिले. जाताना मला म्हणाले, “भाऊसाहेब, इंजिनाचा पट्टा आणायला शहरात, भद्रकालीच्या बाजारात चाललो, कापूस पण लागंल थोडा. उद्या दुपारी येतो. परवापर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.” आणि बोटीवर काठीला पाटी बांधून गेले: ‘बोट मुरत आहे. हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तीन पाहुण्यांना घेऊन जीपने आले. न कळवता. पाहुण्यांना पाण्यातून फिरायचे होते. साहेब काठावर उतरले. समोर सरकारी लाँच, वरची कड तेवढी पाण्याबाहेर.

साहेबांनी पाटी मोठ्याने वाचली. “मुरत आहे. लोणचं घातलंय का लाँचचं?” पाहुणे हसले. मग साहेबांचा आवाज बदलला. “कुठाय तो?”

“शहरात गेलेत, साहेब. पट्टा आणायला. बोट त्यांनी मुद्दाम—”

“मुद्दाम बुडवली? तुम्ही पण त्याच्यातलेच झालात की.”

“साहेब, साळवे येईपर्यंत थांबू या. दुपारपर्यंत येतील.”

“तुम्हाला बोट पाण्याखाली दिसते की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.”

मी म्हणालो, “दिसते, साहेब.”

हे माझे उत्तर. ते मी आजवर कोणापासून लपवलेले नाही. ते खरे होते. आणि अर्धे होते.

साहेबांनी मजूर बोलावले, जीपला दोर बांधायला लावला आणि दुसरे टोक लाँचच्या नाळीला. आत पाणी काठोकाठ. पाणी उपसून मग ओढा, असे मी दोनदा बोललो. बुचाच्या भोकातून पाणी निघून जाईल, असे साहेब म्हणाले. निघून जाते खरे. पण त्या जेमतेम दोन इंची भोकातून एवढे पाणी जायला काही तास लागतात. जीपच्या ड्रायव्हरने गिअर टाकला. लाँच पुढच्या बाजूने खडकावर चढली, मागची बाजू पाण्यात, पोटात कित्येक माणसांच्या वजनाइतके पाणी. आवाज फार मोठा झाला नाही. जाड फांदी वाकवताना येतो तसा एक आवाज आला. मग दोन्ही बाजूंनी एकदम पाणी वाहू लागले आणि एक मजूर म्हणाला, “आता कशी रिकामी झाली बघा.” तिचा कणा मोडला होता.

साळवे दुपारी सायकलवर आले. हँडलला पट्टा अडकवलेला, मागे कापसाचा पुडा. सायकल त्यांनी स्टँडवर लावली, नीट. मग बोटीभोवती एक चक्कर मारली, खाली बसून कण्यावरून हात फिरवत गेले, आणि एका ठिकाणी हात थांबला.

“पाणी काढायच्या आधी वढली?”

मजूर दोर गुंडाळू लागले.

“भाऊसाहेब?”

मी त्यांच्या सायकलकडे पाहत होतो.

साळवे उठले. खिशातून पितळी बूच काढून त्यांनी ते जीपच्या बॉनेटवर, साहेबांच्या पुढ्यात ठेवले. “साहेब, बोट बुडाली असती तर हे तिच्यात राहिलं असतं. हे माझ्या खिशात हाय. म्हणजे मी काढलं. इथून तिथपर्यंत समद्यांना कळंल असं काढलं, पाटी लावून काढलं.”

कोणाही समजदार माणसाला त्या बुचाने गोष्ट उलगडली असती. चौकशीच्या अहवालात त्याच बुचाविषयी जे लिहिले गेले ते मी स्वतः वाचले आहे: ‘सदर कर्मचाऱ्याने बूच काढून स्वतःजवळ ठेवल्याचे कबूल केले असून ते परत बसविण्यास विसरल्याचे सिद्ध होते.’ खाली साक्षीदार म्हणून माझे वाक्य: ‘बोट पाण्याखाली असल्याचे मी पाहिले.’ आणि माझी सही. त्याआधीचे आणि नंतरचे मी जे बोललो ते चौकशी अधिकाऱ्यांना ‘तांत्रिक चर्चा’ वाटले. मी सही केली. मला दोन वर्षांनी पदोन्नती होती, असे साळव्यांच्या वस्तीतले लोक म्हणतात. पदोन्नती पाच वर्षांनी झाली. पण मी सही केली.

साळव्यांना लाँचवरून काढून स्टोअरच्या फाटकावर बसवले. समोर खडकावर लाँच उन्हात आकसत पडलेली, आणि फाटकाच्या स्टुलावरून ती थेट दिसे. साळव्यांनी स्टूल फिरवले नाही. वर्षभरात लाँच लिलावात निघाली आणि जळणासाठी गेली. ती करवतीने कापली त्याच दिवशी साळव्यांनी राजीनामा दिला. रागाने दिला की कंटाळून, हे मला विचारू नका. दोन ओळींचा अर्ज होता, कारण लिहिलेले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांविषयी. साळवे वारले तेव्हा त्यांच्या वस्तीत शोकसभा झाली. मी गेलो होतो. एका तरुण वक्त्याने सांगितले, की साहेबांच्या अन्यायाचा निषेध म्हणून दामूअण्णांनी सरकारी बोट स्वतःच्या हाताने पाण्याखाली घातली, हे त्यांचे बंड होते. टाळ्या पडल्या. मी उठून म्हणालो की हे खोटे आहे. मला बसवले. कोणी म्हणाले, “तुमची सही होती ना अहवालावर, मग बसा.” बसलो. पण माझी सही असली म्हणून तुमचे भाषण खरे होत नाही. साळव्यांनी बंड करायचे ठरवले असते तर ते साहेबांच्या तोंडावर केले असते. बोटीला त्यांनी त्यात ओढले नसते. ज्या माणसाने नारळाचा एक घाव तिच्यावर बसू दिला नाही, तो तिला राग काढायला वापरील? बेवडा म्हणून हसणारे आणि बंडखोर म्हणून टाळ्या वाजवणारे, दोघेही त्यांच्याकडून एकच गोष्ट काढून घेतात. त्या माणसाला त्याचे काम येत होते, एवढी साधी गोष्ट.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते ऐंशीच्या दशकात, दारणा नदीच्या काठी. पलीकडच्या मळ्यांत जाणाऱ्यांसाठी गावाने एक होडी ठेवली होती, आणि तिचे सगळे साळवे बघत. होडी दोन ओंडक्यांवर उलटी घातलेली. मागे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर. मी टंकलिखित कागद घेऊन गेलो होतो. फेरचौकशी व्हावी असा अर्ज, आणि त्याला जोडून माझे निवेदन: बोट बुडाली नव्हती, मुरायला ठेवली होती, ती ओढून मोडली गेली, आणि हे मला त्या वेळी ठाऊक होते.

साळवे होडीखालून बाहेर आले, हात पुसले. वाचायला चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला सांगितले. मी उभ्या उभ्या वाचले. शेवटच्या वाक्यावर ते म्हणाले, “पुन्यांदा वाचा.”

मी ते वाक्य परत वाचले.

“हे तव्हा बोलायचं होतं, भाऊसाहेब.”

“बोललो होतो, साळवे. लिहून घेतलं नाही.”

“लिहून घेतलं नाय, तर सही कशाला केली?”

मी म्हणालो, की आता तरी अर्जावर अंगठा— सही करा, मी स्वतः तो वरपर्यंत नेतो. माझ्या तोंडून अंगठा हा शब्द गेला. सातवी शिकलेल्या, पत्र्यावर वेळापत्रक लिहिणाऱ्या माणसासमोर. साळव्यांनी तो ऐकला.

“वर कुणाकडं नेता? साहेब तर रिटायर झाले. बोट जळाली. मला काय तिथं परत बसायचंय?”

“तुमच्या नावाचा प्रश्न आहे.”

“मंग माझ्या नावाचा कागद तुम्ही माझ्याकडंच काय आणता? मला माहीत हाय ते. ज्यांना माहीत नाय, त्यांना वाचून दाखवा.” कागद त्यांनी हातात घेतलाही नाही; त्यांच्या हाताला डांबर होते. “जावा आता. मला ऊन असेस्तोवर हे उरकायचंय.”

ते परत होडीखाली गेले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि थोडा वेळ उभा राहिलो. मला वाटले ते आणखी काही बोलतील. होडीखालून त्यांचे पाय तेवढे बाहेर होते, टाचा भेगाळलेल्या, आणि हातोडीने कापूस ठोकण्याचा आवाज एका लयीत चालू होता. मी बांधावरून रस्त्याला लागेपर्यंत तो थांबला नाही.